उजव्या कानाची खात्री

१

तोंडाने सांगता आलं असतं तर हे सगळं अर्ध्या तासात सांगून मोकळी झाले असते. लिहायची मला सवय नाही. लिहिताना शिव्याही नीट बसत नाहीत. पण लिहावंच लागतंय. का, ते शेवटी कळेल.

माझं काम जुने कॉम्प्युटर दुरुस्त करण्याचं. नवे माझ्याकडे आणू नयेत, मी हात लावत नाही. शाळा चौथीत सुटली. पुढे रेडिओ उघडले, टेपरेकॉर्डर उघडले, टीव्ही उघडले आणि पन्नाशीत कॉम्प्युटर उघडला. बाहेरून किती दिमाख आणि आत बघावं तर नुसती धूळ. तेव्हाच ठरवलं, हे आपल्याला जमेल. कोणी विचारलं, "बाई, शिकलात कुणाकडे?" तर मी सांगते, "मशीनकडे. ते खोटं बोलत नाही आणि टोमणे मारत नाही."

दहातल्या सात गिऱ्हाइकांची तक्रार एकच. गाणी इंटरनेटवरून उतरवून घेतली, फाईल दिसते, नाव दिसतं, पण दाबलं की मशीन ढिम्म. मग शहाणे लोक फाईलच्या नावातली शेवटची अक्षरं बदलून बघतात. गाढवाला घोडा म्हटलं म्हणून ते शर्यत धावत नाही. हल्लीची गाणी नव्या पद्धतीने दाबून, घडी घालून फाईलमध्ये ठेवलेली असतात. ती घडी उलगडायची युक्ती, तिला कोडेक म्हणतात, ती जुन्या मशीनला ठाऊक नसते. कधी ती मशीनला शिकवता येते. बहुतेक वेळा मशीनचं शिकायचं वय गेलेलं असतं. मग गाण्याचीच घडी मोडायची आणि जुन्या पद्धतीने पुन्हा घालून द्यायची.

हे झालं की प्रत्येक गाणं मी तीन जागी ऐकते. सुरुवात, मध्य, शेवट. ठीक असलं की मशीनच्या पाठीवर खडूने बरोबरची खूण. हेडफोन उजव्या कानावर, डावा कप कानामागे सरकवलेला. लोकांना ती जुन्या कारागिराची ढब वाटते. मी वाटू देते.

खरी गोष्ट अशी की माझा डावा कान ठार बहिरा आहे. नऊ वर्षांची असताना वडिलांचा रेडिओ उघडून बसले होते. त्यांनी डाव्या कानाखाली अशी काढली की आत काहीतरी फाटल्याचं मला स्वतःला ऐकू आलं. त्या कानाने ऐकलेलं ते शेवटचं. रेडिओ मी संध्याकाळच्या आत जोडून दिला. कान कोणी जोडून दिला नाही.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. माझं कामाचं टेबल असं लावलंय की डाव्या हाताला भिंत येते. गिऱ्हाइकाची खुर्ची उजवीकडे. रस्त्यातही मी कडेच्या भिंती डाव्या हाताला ठेवूनच चालते. बहिरीकडे गाणी दुरुस्तीला कोण आणणार?

२

घरात आम्ही दोघी. थोरल्या जाऊबाई आणि मी. दोन भावांच्या दोन बायका. भाऊ गेले, बायका उरल्या. मूलबाळ दोघींनाही नाही. त्यांना मी ताई म्हणते. एका छपराखाली दोन जावा म्हणजे लोकांना वाटतं रोज भांड्याला भांडं. वाजायचं की! पण चाळीस वर्षांत एकीने चहा केला आणि दुसरीला दिला नाही असं एकदाही झालं नाही.

ताई तरुणपणी रेडिओवरच्या समूहगानात गायच्या. बारा वर्षं, कायम दुसऱ्या ओळीत. एकटीने गायची पाळी कधी आली नाही. लग्न झालं आणि तेही सुटलं. त्याबद्दल त्या कधी रडल्या नाहीत, आणि मला रडणाऱ्या बायका आवडत नाहीत, म्हणून आमचं जमलं.

मध्यंतरी कोणा हौशी माणसाने ती जुनी गाणी इंटरनेटवर ठेवली. एकेचाळीस गाणी. ताईंनी फोनवर ती शोधली आणि शहात्तराव्या वर्षी लहान पोरीसारख्या धावत माझ्या टेबलाशी आल्या.

"फोनवर ऐकायची नाहीत मला. डब्यात खडा वाजवल्यासारखं येतं. माझ्या मशीनवर घालून दे."

त्यांचं मशीन मीच तीन मेलेल्या मशीनांचे भाग जमवून उभं केलं होतं. माईकचा भागही काढून टाकला होता, खरखर करायचा म्हणून. गाणी घातली. एकही वाजेना.

"तू घरात असताना वाजत नाही म्हणजे काय?"

"ताई, मी घरात आहे म्हणून काय फाईल मला घाबरणार आहे?"

"मला तर वाटतं घाबरेल."

दोन दिवस बसून एकेचाळीसच्या एकेचाळीस गाण्यांच्या घड्या मोडल्या. तीन तीन जागी ऐकली. स्वच्छ. ताईंना हेडफोन दिला आणि नववं गाणं लावलं. त्यांनी डोळे मिटले. एका ओळीवर बोट वर केलं.

"ही मी."

आधी तीच ओळ मी उजव्या कानाने ऐकली होती. वीस-बावीस बायका एका सुरात. त्यात ताई कुठल्या, मला काय कळणार?

"हो हो, ऐकलं मी," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. डाव्या कपावर बोटाने टकटक केलं.

"डावीकडून गाणं येत नाही गं. डावीकडे नुसतीच खोली आहे."

"नुसतीच खोली म्हणजे?"

"म्हणजे कोणी गात नाहीये, पण खोली आहे. मोठी. मोकळी."

मी म्हटलं, जुनं रेकॉर्डिंग आहे, असायचंच. तोंडाला आलं ते सांगितलं. खरं तर त्या काळी सगळा समूह एका मायक्रोफोनपुढे गायचा, म्हणजे डावी-उजवी बाजू जुळी असायला हवी. हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या कोणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. पण डावीकडचं बोलणं निघालं की मी विषय बदलते. सवयच ती.

ते नववं गाणं मला आवडलं. मी त्याला तपासणीचं गाणं केलं. मशीन दुरुस्त झालं की तेच वाजवून बघायचं आणि एक प्रत तिथेच ठेवून द्यायची. माझी सही म्हणून. तीन महिन्यांत तेवीस मशीनं गेली.

३

शिंपीदादा कोपऱ्यावरच्या दुकानात बसतात. तोंडात टाचण्या धरूनच बोलतात, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालताना आपल्यालाच भीती वाटते. शिवताना गाणी लागतात म्हणून त्यांनी दुकानात एक जुनं मशीन ठेवलंय. दुरुस्त करून दिल्यावर आठवड्यातच ते दोन्ही हातांत धरून परत आले. त्या दिवशी तोंडात टाचण्या नव्हत्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"मशीनबाई, ह्यातलं तुमचं ते गाणं काढून टाका."

"का? तुमच्या गाण्यांपेक्षा बरं आहे."

"गाणं बरंच आहे. त्यात ती बाई बोलते."

"गाण्यात बाई गाते. बोलते ती तुमची बायको."

एरवी हसले असते. हसले नाहीत. "गाते ती उजवीकडून. डावीकडून दुसरी आहे. ती विचारते."

"काय विचारते?"

त्यांनी दाराकडे बघितलं. भर दुपार होती, रस्त्यावर माणसं होती. "किती जण आहात म्हणून."

मी हेडफोन चढवला. उजव्या कानावर. सुरुवात ऐकली, मध्य ऐकला, शेवट ऐकला. मग सबंध गाणं ऐकलं. वीस-बावीस बायका, एक सूर, मागे पेटी. बस्स.

"कान धुऊन घ्या दादा. रोज शिलाई मशीनची खडखड ऐकून वाजायला लागलेत."

"बाई, तुम्ही दोन्ही बाजू ऐकल्यात का?"

आता मात्र मी भडकले. "मला शिकवता? तुम्ही विजारीला पाय दोन लावले का, असं मी कधी विचारलं?"

मी गाणं पुसून टाकलं, पुसलेलं दाखवलं. मशीन उचलताना अगदी हळू म्हणाले, "पुसलंत, बरं झालं. पण मी कालच सांगून बसलोय."

काय सांगून बसलात, हे मी विचारलं नाही. जिंकलेल्या भांडणात मागे वळून बघायची माझी पद्धत नाही.

४

ताईंची खोली माझ्या टेबलासमोर. मधे दार, पण ते आम्ही कधी लावत नाही. दुपारचा चहा झाला की त्या हेडफोन लावून बसायच्या, मी माझ्या कामात. मान वर केली की त्या दिसायच्या, उजवीकडे, माझ्या टेबलाच्या बाजूला, किंचित कललेल्या.

त्यांचे ओठ हलायचे. मला वाटायचं, बरोबरीने गुणगुणतात. मग एकदा ध्यानात आलं की गाणं गुणगुणणाऱ्याचे ओठ असे हलत नाहीत. त्या थांबायच्या. ऐकायच्या. मग एखादा शब्द. पुन्हा थांबायच्या. टेलिफोनवर आपल्यापेक्षा मोठ्या माणसाशी बोलताना माणूस थांबतो तसं.

"ताई, कोणाशी बोलताय?"

दचकल्या. "गाते आहे."

"गाण्यात 'नाही, नाही' कुठे आलं?"

त्यांनी हेडफोन काढला आणि माझ्या टेबलाशी आल्या. उजवीकडच्या खुर्चीत बसल्या. "ह्यातला दुसरा आवाज काढून टाकता येईल का गं? गाणी राहू दे. फक्त तो काढ."

"दुसरा आवाज नाही त्यात."

"आहे."

"मी एकेचाळीसच्या एकेचाळीस ऐकल्यात. माझ्या कानांवर संशय आहे का तुम्हाला?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. किती तरी वेळ बघत राहिल्या. रागाने नाही. मुलाने खोटं सांगितलं आणि ते पकडायचं नाही असं ठरवलं की आई बघते तसं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "तुझे कान चांगलेच आहेत."

एका मिनिटाचं काम होतं. हेडफोन उलटा करायचा, डावा कप उजव्या कानावर धरायचा. पण त्यासाठी आधी कबूल करावं लागलं असतं. मी पेचकस उचलला आणि कामाला लागले. त्या थोडा वेळ बसून उठून गेल्या.

५

चार दिवसांनी दोऱ्यासाठी शिंपीदादांच्या दुकानात गेले. सकाळचे अकरा. दुकान उघडं, कापड टेबलावर पसरलेलं, अर्ध्यापर्यंत कापलेलं. दादा स्टुलावर बसले होते, डावा कान वर करून, जसं कोणी वरच्या मजल्यावरून हाक मारतंय. हात मांडीवर रिकामे.

"दोघं," ते म्हणाले. "मी आणि बायको."

मी म्हटलं, "दादा, पांढरा दोरा द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "नाही, तिसरं कोणी नाही. या आत्ता आल्यात, त्या गिऱ्हाईक आहेत. इथल्या नाहीत."

माझी नजर मशीनकडे गेली. मशीन बंद होतं. नुसतं बंद नव्हे, स्पीकरची वायर ओढून काढलेली, तिचं टोक कात्रीजवळ पडलेलं. मी ती वायर उचलून हातात धरली. का, कोण जाणे. धंद्यातल्या माणसाचा हात आधी वायरीकडे जातो, माणसाकडे मागाहून.

"दादा."

मग ते वळले. डोळे स्वच्छ, चेहरा रोजचाच. "बाई, मी खरं सांगितलं त्यांना. मला खोटं बोलता येत नाही. माप घेणारा माणूस मी, आकडा विचारला की खरा निघतो तोंडातून."

"कोणाला सांगितलं?"

"तुम्हाला नाही का ऐकू येत?" अगदी साधेपणाने विचारलं. "मग बरं आहे तुमचं."

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं खाली. वाकून बघितलं. कापड तसंच, अर्धं कापलेलं, कात्री त्यातच उघडी रुतलेली. दुकानावरच्या त्यांच्या घराला आतून कडी. शेजारी म्हणाले, गेले असतील कुठे पाहुण्यांकडे. मी म्हटलं, आतून कडी लावून पाहुण्यांकडे कसे जातात? ते म्हणाले, बाई, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोड काढायची सवयच आहे.

आहेच.

६

घरी येऊन पहिल्यांदा जे करायला हवं होतं ते केलं. माझ्याकडचं नववं गाणं आवाज दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडलं. त्यात गाणं ऐकावं लागत नाही, दिसतं. दोन आडव्या पट्ट्या. वरची डावी, खालची उजवी. आवाज असेल तिथे पट्टी फुगते, शांतता असेल तिथे बारीक रेघ होते.

खालची पट्टी गाण्याची होती. भरलेली, जाड.

वरची जवळजवळ कोरी. त्यात ठरावीक अंतराने एक छोटा फुगवटा. मग रिकामी जागा. पुन्हा तोच फुगवटा. मोठा करून बघितला, दुसऱ्याशेजारी ठेवला. हुबेहूब सारखे, एकाच वाक्याचे असावेत असे. आणि मधल्या रिकाम्या जागा एखाद्याने आकडा सांगावा एवढ्याच.

मनाला समजावलं. वायरीतली खरखर असेल. जुनी फीत असेल. फितीवर आधी कोणी वेगळं काही भरलं असेल आणि ते नीट पुसलं गेलं नसेल. होतं असं. मी शेकडो वेळा बघितलंय.

मग ताईंच्या मशीनवरची त्याच गाण्याची प्रत उघडली. तेच गाणं, मीच केलेलं. फाईलवरची तारीख तीन महिन्यांपूर्वीची, त्यानंतर तिला कोणी हात लावलेला नाही. मशीनला माईक नाही.

वरच्या पट्टीतल्या रिकाम्या जागा भरलेल्या होत्या.

प्रत्येक फुगवट्यानंतर एक बारीक टोक. कोणीतरी हळू बोलल्यासारखं. शेवटाकडे ती टोकं लांबत गेली होती, एका शब्दाची वाक्यं झाली होती. सगळ्यात शेवटची जागा तेवढी अजून कोरी होती.

मी ताईंच्या मशीनची वायर भिंतीतून उपटली. "ताई, आजपासून गाणी बंद!"

वाटलं, भांडतील. मी तयारीत होते. त्या आल्या, माझं टेबल भिंतीपासून हातभर ओढलं आणि त्या फटीत स्टूल सरकवून माझ्या डाव्या बाजूला बसल्या.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा. जेवताना, चहाला, दवाखान्यात, दोन्ही भावांना पोचवून परत येताना रिक्षात, त्या कायम माझ्या उजवीकडे बसत आल्या होत्या. आजवर मला वाटत होतं की तशी जागा मी त्यांना देते.

त्या माझ्या डाव्या कानाशी वाकल्या. त्यांचा श्वास गालाला लागला. काहीतरी बोलल्या. लहानसं नव्हतं, तीन-चार वाक्यं असावीत. शेवटी थांबल्या. म्हणजे विचारलं होतं काहीतरी.

मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

"हो हो," मी म्हटलं, "कळलं मला."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. परवानगी मिळालेल्या माणसाचा हात असतो, तसा हलका झालेला. मग उठून चहा टाकला.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शिंपीदादांची वर्दी द्यायला चौकीत गेले. तासाभरात परत. दाराला आतून कडी. हाका मारल्या, दार ठोकलं, शेवटी खिडकीचे गज पिशवीतल्या पेचकसाने सोडवून आत शिरले. एकाहत्तराव्या वर्षी! ताई असत्या तर हसून लोळल्या असत्या.

चपला दाराशी. चष्मा उशीवर. दोन कप, एकातला चहा पिऊन संपलेला, दुसरा झाकून ठेवलेला. माझा. अजून कोमट होता.

मशीनची वायर भिंतीत परत लावलेली. हेडफोन खुर्चीवर. त्याचे कानावरचे दोन्ही कप गरम.

मी नववं गाणं लावलं आणि उभ्या उभ्या हेडफोन उचलला. हातांनी आपोआप उजवा कप उजव्या कानावर नेला. मग थांबले. घरात कोणी नव्हतं, तरी शरमेने कान तापले. हेडफोन उलटा केला.

पहिल्यांदा ऐकू आली ती खोली. ताईंनी सांगितली होती तशीच. मोठी, मोकळी. कोणी गात नव्हतं.

"किती जण आहात?"

बाईचा आवाज. वाईट नाही, चढलेला नाही. शाळेत हजेरी घेताना असतो तसा, समोर न बघता.

"एक," ताई म्हणाल्या. आमच्या ताई. फाईलमध्ये.

"आधी दोन म्हणालात."

"आधी चुकले. वय झालंय. एकटीच आहे मी."

"उजवीकडे?"

"उजवीकडे टेबल आहे. रिकामं. कोणी असतं तर इतके दिवस तुमचं बोलणं ऐकलं नसतं का तिने? माझी जाऊ गप्प बसणाऱ्यातली नव्हती. ती असती तर पहिल्याच दिवशी तुमची सालं काढली असती. ती नाही. म्हणून तर एवढं शांत आहे."

पान उलटल्यासारखा आवाज.

"बरं," ती म्हणाली. "या."

खुर्ची सरकली. आणि मग तो आवाज. अनवाणी पावलांचा, खूप बायकांच्या. चालण्याचा नाही. ओळीत उभ्या असलेल्यांनी एकदम थोडं थोडं सरकून एकीला जागा करून द्यावी, तसा.

मी हेडफोन फेकला. ओरडायला तोंड उघडलं, 'ताई' म्हणून, 'मी आहे इथे' म्हणून. आणि शब्द ओठांपर्यंत येऊन मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

ती असती तर गप्प बसली असती का?

ताईंनी साक्ष दिली होती. सगळी साक्ष ह्या एका गोष्टीवर उभी होती.

८

त्याला आता सात आठवडे झाले. मी बोलत नाही. पोलिसांना लिहून दिलं. लोकांना वाटतं धक्क्याने वाचा गेली. भाजीवाली म्हणाली, "देवाने शेवटी बाईंचं तोंड बंद केलं." पूर्वी तिला जागच्या जागी सुनावलं असतं.

तेवीस मशीनांची यादी घेऊन घरोघर फिरले. चिठ्ठी दाखवायची, 'गाण्यात दोष आहे, बदलून द्यायला आले.' चौदा ठिकाणी पुसलं. नऊ दारांना कुलूप नव्हतं. कडी होती, आतून.

ताईंचं मशीन सुटं केलं. भाग वेगवेगळ्या डब्यांत घातले. त्या डब्यांतून काही ऐकू येत नाही. त्याची गरजही उरलेली नाही. तीन आठवड्यांपूर्वी भांडी विसळताना माझ्या डाव्या कानात नळाचं पाणी वाजलं. बासष्ट वर्षांनी. मी नळ बंद केला. पाणी थांबलं, कानातली खोली राहिली.

ती बाई दिवसातून दोनदा-तीनदा मला विचारते, किती जण आहात म्हणून. घाई नाही तिला. मागे कधी कात्री चालल्याचा आवाज येतो, लांब सरळ कापडावरून. कधी त्या सगळ्याजणी गातात. बावीसजणी असतील, जास्त असतील. आता मला ताई ओळखू येतात. दुसऱ्या ओळीत, डावीकडून चौथ्या. सूर किंचित वर लावतात. इतकी वर्षं बरोबर राहून मला ते माहीत नव्हतं.

गाणं संपलं की तोच प्रश्न. मी आहे, असं एकदा म्हटलं तर पुन्हा ताईंच्या शेजारी उभी राहीन. पण मग त्या सगळ्यांदेखत खोट्या ठरतील. खोटं बोलणाऱ्यांचं तिथे काय करतात, मला माहीत नाही. म्हणून दात आवळून बसते. आयुष्यभर ज्या तोंडाने कोणाचं ऐकून घेतलं नाही, ते तोंड ताईंसाठी बंद ठेवायचं एवढंच काम आता उरलंय, आणि मी हाती घेतलेलं काम अर्धवट टाकत नाही.

त्या दिवशी डाव्या कानाशी त्यांनी काय विचारलं आणि मी कशाला हो म्हटलं, तेवढंच कळत नाही. आता तो कान ऐकतो, तर ते सोडून बाकी सगळं ऐकतो.

एक अडचण आहे. गिऱ्हाईक दारात येऊन हाक मारतं, "कोण आहे का घरात?" पूर्वी कुठून आवाज आला हा प्रश्नच नव्हता, जे ऐकू यायचं ते उजवीकडून. आता दोन्हीकडून येतं. मी उठते, दार उघडते, मानेनेच आत या म्हणते.

काल दुपारी अशीच हाक आली. अगदी रोजच्यासारखी. मी दार उघडलं आणि मान हलवून आत या म्हटलं.

बाहेर कोणी नव्हतं.